मुकुट परत आला, नंद आला नाही : अजिंठ्यातील शोकचित्र आणि आपला ६ डिसेंबर

हातकणंगले तालुक्यातील माणगाव हे नाव चळवळीतल्या कोणालाही वेगळे समजावून सांगावे लागत नाही. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे जमलेल्या लोकांना सांगून गेले. याच तालुक्यातल्या एका विहाराची भिंत रंगवायचे काही महिन्यांपूर्वी ठरले. विषय होता तथागतांचे महापरिनिर्वाण. पेंटरने कच्चे रेखाटन आणले. त्यात शालवृक्षांखाली पहुडलेले बुद्ध होते आणि पायथ्याशी रडणारी माणसे होती.

तिथेच वाद पेटला. एक वयस्कर कार्यकर्ते म्हणाले, "रडकी माणसं कशाला काढायची भिंतीवर? लई दिवस रडलोय आपण." तरुणांपैकी काहींना ते पटले. बुद्धाने अनित्यता शिकवली, मग बौद्धांच्या भिंतीवर अश्रू कसले, असा त्यांचा प्रश्न होता. कॉलेजात शिकणारी एक मुलगी मात्र वेगळेच बोलली. "दादा, आपल्या सगळ्या चित्रांत बाया रडतात आणि पुरुष भाषण करतात. ते आधी बदला." सगळे हसले आणि विषय पुढच्या रविवारवर गेला.

हसण्यावारी न्यावा असा हा विषय नाही, म्हणून हा लेख लिहितो आहे. शोकाचे चित्र कसे वाचायचे, हा आपल्या सांस्कृतिक राजकारणाचा प्रश्न आहे. आपल्या कॅलेंडरवर ६ डिसेंबर आहे, २७ मे आहे. आपल्या घराघरांत चैत्यभूमीच्या अंत्ययात्रेचे फोटो आहेत. त्या फोटोंखालची ओळ आपण लिहिली नाही, तर ती दुसरा कोणीतरी लिहितो. हे अजिंठ्याच्या एका भिंतीवर घडून गेले आहे. तिथून सुरुवात करू.

एका चित्राचे चुकीचे नाव

अजिंठ्याचे लेणे क्रमांक १६ पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात खोदले गेले. त्याचा मंत्री वराहदेव याने ते करवून घेतले, असे तिथला शिलालेख सांगतो. या लेण्याच्या भिंतीवर एक प्रसंग रंगवलेला आहे. महालाच्या मंडपात एक राजस्त्री मंचकावर बसली आहे, पण तिला बसवत नाही. मान खाली ढळली आहे, डोळे अर्धे मिटले आहेत, हातापायांतले त्राण गेले आहे. मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे. दुसरीने तिचा हात धरला आहे आणि ती तिच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते आहे. तिसरी वारा घालते आहे. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा दारातून डोकावतो आहे. खाली जमिनीवर बायका बसल्या आहेत आणि त्यांतल्या एकीने हातांत तोंड लपवले आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी या लेण्यांपर्यंत पोचला आणि पुढे युरोपात अजिंठ्याचा बोलबाला झाला. मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याने १८४४ पासून वर्षानुवर्षे इथल्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. या राजस्त्रीच्या चित्राने ते भारावून गेले. फ्लॉरेन्सचे चित्रकार रेखाटन अधिक चांगले करतील, व्हेनिसचे रंग अधिक चांगले भरतील, पण यापेक्षा जास्त भाव दोघांनाही आणता येणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. चित्राला 'मरणारी राजकुमारी' हे नाव चिकटले. आजही पर्यटकांना हेच नाव सांगितले जाते.

पण ही राजकुमारी मरत नाही.

पुढच्या अभ्यासकांनी त्या भिंतीवरची चित्रे एकापुढे एक लावून पाहिली, तेव्हा ही कथा नंदाची आहे हे स्पष्ट झाले. नंद म्हणजे महाप्रजापती गौतमीचा मुलगा, सिद्धार्थाचा सावत्र भाऊ. त्याची पत्नी सुंदरी. बुद्ध कपिलवस्तूला आले असता त्यांनी आपले भिक्षापात्र नंदाच्या हाती दिले. ते परत कसे करायचे या संकोचात नंद मागे मागे चालत विहारापर्यंत गेला आणि तिथे त्याची प्रव्रज्या झाली. अश्वघोषाने 'सौंदरनंद' या संस्कृत काव्यात ही कथा सांगितली आहे आणि त्याचा एक संपूर्ण सर्ग सुंदरीच्या विलापाला दिला आहे. चेहऱ्यावरचा ओला रंग वाळायच्या आत परत ये, एवढेच तिने जाताना नवऱ्याला सांगितले होते.

आता पुन्हा चित्राकडे पाहा. एका बाजूला एक सेवक उभा आहे. त्याचा चेहरा उतरला आहे आणि त्याच्या हातात मुकुट आहे. मुकुट नंदाचा आहे. डोक्यावरून उतरलेला तो मुकुट घरी परत आला, नंद आला नाही. सुंदरीला काय झाले, ते त्या मुकुटात आहे.

नाव बदलले की हातही बदलतो

मित्रांनो, इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ग्रिफिथ्स चांगले चित्रकार होते, त्यांची नजर तीक्ष्ण होती. चित्रातले दुःख त्यांनी अचूक ओळखले. पण 'मरण' ही ओळ मनात पक्की झाल्यावर त्यांना सुंदरीचा हात धरणारी दासी तिची नाडी बघते आहे असे वाटले आणि खाली बसलेल्या बायका जणू आताच सुतकाला बसल्या आहेत असे दिसले. मुकुट घेतलेला माणूस समोर असूनही कथेच्या बाहेर राहिला. ओळ बदलली की तोच हात नाडी बघणारा न राहता आधार देणारा होतो आणि बाजूचा सेवक सगळ्या प्रसंगाचे कारण ठरतो.

म्हणून शोकचित्राचा माझा पहिला नियम साधा आहे. कोसळलेल्या माणसाकडे सगळेच बघतात, आपण आधी त्याच्याभोवतीच्या माणसांच्या हातांत काय आहे ते बघावे. आणि एक चौकट एकटी वाचू नये. अजिंठ्याचा चित्रकार चौकटी आखत नाही. खांब, दार, मंडप यांनी तो प्रसंग वेगळे करतो आणि कथा भिंतीभर पसरवतो. एक तुकडा कापून घेतला की अर्थही कापला जातो.

दुसरी गोष्ट रंगाची. अजिंठ्याच्या चित्रांची काळोखी, उदास छटा पाहून अनेकजण हळवे होतात. पण ती सगळी चित्रकाराची नाही. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले आणि चित्रांवर लाखेचा लेप दिला. पुढे तो लेप पिवळा पडत, काळवंडत गेला आणि काढत बसावा लागला. चित्रावरचा उदासपणा चित्रकाराने घातलेला आहे की नंतर कोणी चढवलेल्या लेपाचा आहे, हे विचारलेच पाहिजे.

हा लेप आपल्यावरही आहे. ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. रात्रभर रांगेत उभी राहतात, येताना जमेल ते आणतात, जाताना पुस्तके घेऊन जातात. कुठल्याही धार्मिक मेळ्यात पुस्तकांची एवढी विक्री मी पाहिलेली नाही. पण फोटोखाली ओळ काय येते? गर्दी, वाहतुकीची कोंडी, कचरा. फोटो खोटा नसतो, गर्दी असतेच. ग्रिफिथ्सच्या चित्रातले दुःखही खरेच होते. ओळ मात्र चुकीची होती. म्हाताऱ्या आजीच्या हातातल्या पिशवीत पुस्तक आहे, हे त्या ओळीत येत नाही. मुकुट घेतलेल्या सेवकासारखी ती पिशवी समोर असून कथेबाहेर राहते.

आपल्याला अडचणीचा प्रश्न

आता अवघड भागाकडे येतो. नंदाची कथा सांगितली की समोरून प्रश्न येतो, तुमच्या बुद्धाने घरे मोडली की नाही? सुंदरीला कोणी विचारले? आपले कार्यकर्ते इथे चिडतात, किंवा हे ब्राह्मणी प्रक्षेप आहेत म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. कथा बौद्ध कवीने लिहिली आहे आणि बौद्ध लेण्यात, भिक्खूंच्या राहत्या विहारात रंगवलेली आहे. तिच्यात सुंदरीला कोणी विचारलेले नाही, हे खरे आहे. खुद्द नंदही सुरुवातीला मनापासून गेलेला नाही.

पण त्या विहारातल्या चित्रकाराने काय केले ते बघा. नंदाची दीक्षा हा धम्माच्या दृष्टीने विजयाचा प्रसंग. त्याला फक्त तेवढेच रंगवून सुंदरीला वगळता आले असते. त्याने तसे केले नाही. त्या विजयाची किंमत कोणी मोजली, हे त्याने त्याच भिंतीवर, भिक्खूंच्या रोजच्या नजरेसमोर मांडले. तिला त्याने दोष दिला नाही, 'मोहात अडकलेली बाई' म्हणून तिची टिंगल केली नाही. तिला सावरणारे हात काढले, तिच्यासाठी रडणाऱ्या बायका काढल्या. वराहदेवाचे नाव शिलालेखात आहे, या चित्रकाराचे नाव कुठेही नाही. पण धम्माचा विजय आणि बाईचे दुःख एकाच भिंतीवर ठेवण्याची हिंमत त्याच्याकडे होती, हे त्याच्या कामातून दिसते.

या चित्राने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला पंधराशे वर्षे जावी लागली. ते उत्तर बाबासाहेबांनी दिले.

१९५७ साली, महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाची रूढ कथा नाकारली. म्हातारा, रोगी, प्रेत पाहून सिद्धार्थ अचानक घर सोडतो, हे त्यांना पटले नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारपण, आजार, मरण पाहिलेच नाही, हे कसे शक्य आहे, असा त्यांचा सरळ सवाल होता. त्याजागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध पुढे आणला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचा सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या बायकोला टाकून जात नाही. तो यशोधरेला सांगतो. ती स्वतःला आवरून बोलते, त्याचा निर्णय योग्य आहे म्हणते, कोलीयांविरुद्धच्या युद्धात आपणही सामील झालो नसतो म्हणते, आणि राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही सोबत निघालो असतो, असे सांगते.

सुंदरीला बातमी मुकुट सांगतो. यशोधरेला बातमी तिचा नवरा सांगतो, आणि तिचे मत ऐकतो. या दोन चित्रांमध्ये जे अंतर आहे, ते बाबासाहेबांनी कापलेले अंतर आहे. त्यांनी यशोधरेचे दुःख पुसले नाही. तिला दुःखासोबत बुद्धी आणि संमती दिली.

त्यागमूर्ती म्हणून विषय मिटवू नका

हे बाबासाहेबांना फक्त ग्रंथांतून सुचले असेल, असे मला वाटत नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी आपल्या कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना एक पत्र लिहिले. धाकटा राजरत्न नुकताच गेला होता. त्याच्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेले होते. चार मुले पुरलेल्या बापाचे ते पत्र आहे. ज्या दत्तोबा पवारांचा शाहू महाराजांशी आणि माणगाव परिषदेच्या काळाशी संबंध होता, त्यांनाच हे दुःख कळवावेसे वाटले, यातून आपल्या जिल्ह्याशी बाबासाहेबांचे नाते किती जवळचे होते हेही समजते.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे १९४० मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. मित्र नसलेल्या, टंचाईच्या आणि काळजीच्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसले, याची जाहीर नोंद त्या अर्पणपत्रिकेत आहे. देशाच्या फाळणीवरच्या राजकीय ग्रंथाच्या पहिल्या पानावर बायकोचे ऋण!

आपण मात्र काय करतो? पोस्टरवर रमाईंच्या नावापुढे 'त्यागमूर्ती' लिहितो आणि विषय संपवतो. मूर्तीला भूक लागत नाही, मूर्तीची मुले मरत नाहीत. अजिंठ्याच्या चित्रकाराने सुंदरीची मूर्ती केली नव्हती, तिला थकलेले शरीर दिले होते. आज गावोगाव पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी कोणीतरी चूल सांभाळते आहे, केसेसच्या तारखा लक्षात ठेवते आहे, मुलांची फी भरते आहे. तिला कोणी विचारले होते का? विहारातली ती मुलगी म्हणाली ते इथे येऊन टोचते. बाया रडतात आणि पुरुष भाषण करतात, हे चित्र भिंतीवर बदलायचे असेल तर आधी घरात आणि बैठकीत बदलावे लागेल.

आनंदाचे अश्रू आणि चुंदाचे ताट

मग महापरिनिर्वाणाच्या चित्रात रडणारी माणसे काढायची की नाही?

पाली महापरिनिब्बान सुत्त उघडा. कुसिनारा इथे दोन शालवृक्षांमध्ये तथागत पहुडले आहेत. अवेळी फुललेली फुले पडत आहेत. पंचवीस वर्षे सोबत राहिलेला आनंद आत जाऊन दाराला टेकून रडतो आहे. मला अजून शिकायचे आहे आणि माझा शास्ता चालला, हे त्याचे दुःख. बुद्ध त्याला बोलावून घेतात, जन्मलेले सर्व नष्ट होणारच याची आठवण देतात आणि मग सगळ्यांसमोर त्याच्या सेवेचे कौतुक करतात. रडला म्हणून त्याला हाकलून देत नाहीत. पुढे काही भिक्खू हात वर करून आक्रोश करतात, काही स्मृती जागी ठेवून शांत बसतात. अनुरुद्ध सगळ्यांना धीर देतो. सुत्तात दोन्ही प्रकारची माणसे आहेत.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २६ मध्ये हाच प्रसंग दगडात आहे. सुमारे सात मीटर लांबीचे पहुडलेले बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य आणि वर आकाशात देवगण. हे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने करवून घेतले. अश्मक राजाचा मंत्री भव्विराज आणि आपले आईवडील यांच्यासाठी ते असल्याचे शिलालेखात आहे. म्हणजे एका भिक्खूने आपल्या माणसांच्या आठवणीशी जोडलेले हे लेणे आहे. बौद्धाने शोक करूच नये असे म्हणणाऱ्यांनी हा शिलालेख लक्षात ठेवावा.

आणखी एक माणूस आहे, जो आपल्या चित्रांत हमखास सुटतो. चुंद. कम्मारपुत्त, म्हणजे लोहारकाम करणाऱ्याचा मुलगा. त्याने दिलेले जेवण बुद्धांचे शेवटचे जेवण ठरले. उद्या लोक चुंदाला बोल लावतील, हे बुद्धांनी ओळखले. म्हणून वेदना होत असतानाच त्यांनी आनंदाला सांगून ठेवले, की चुंदाला सांग, तुझे ते अन्नदान ज्ञानप्राप्तीच्या आधीच्या अन्नदानाइतकेच मोठे आहे. मरणाच्या दारातला माणूस एका कष्टकऱ्यावर उद्या येणाऱ्या दोषाची काळजी करतो. ज्यांच्या हातचे पाणी बाटते असे शतकानुशतके सांगितले गेले, त्या समाजाच्या विहारात चुंदाचे ताट भिंतीवर नसावे?

७ डिसेंबरची भिंत

शेवटी आपले स्वतःचे शोकचित्र. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेब गेले. पार्थिव विमानाने मुंबईला आले, राजगृहावर ठेवले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. आपल्याकडच्या बहुतेक चित्रांत आणि फोटोंत कथा इथेच संपते. चिता, धूर, रडणारा जनसागर.

पण त्याच ठिकाणी, त्याच दिवशी, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लोकांना धम्मदीक्षा दिली. १६ डिसेंबरला मुंबईत बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षेचा सोहळा व्हायचा होता. तो आता होणार नव्हता. तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी चितेच्या साक्षीने दीक्षा घेतली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर त्रिशरण, एकाच वेळी. चितेपाशी कापलेला फोटो म्हणजे आपली 'मरणारी राजकुमारी' आहे. भिंत पुढे वाचली की कळते, तिथे कोणी संपत नव्हते. तिथे एक समाज आपल्या पुढाऱ्याचे राहिलेले काम त्याच्या चितेशेजारी उचलत होता.

त्यामुळे विहारातल्या त्या वयस्कर काकांना मी नम्रपणे सांगेन, काका, आपण लई दिवस रडलोय हे खरे. पण ते रडणे आणि ७ डिसेंबरचे रडणे एक नव्हे. पहिले अन्यायाने रडवलेले होते. दुसरे आपण निवडलेल्या माणसासाठी, आपण निवडलेल्या मार्गावर उभे राहून होते. ते लपवायचे कशाला?

भिंत रंगवा. दाराला टेकलेला आनंद काढा. शांत बसलेला अनुरुद्ध काढा आणि त्याच्या शेजारी स्थिर नजरेची एक बाई काढा. चुंद आणि त्याचे ताट काढा. शेजारच्या भिंतीवर ७ डिसेंबर काढा, चितेसकट आणि दीक्षेसकट. चित्राखालची ओळ बैठकीत बसून, बायापुरुषांनी मिळून लिहा. आणि कोपऱ्यात त्या पेंटरचे नाव घाला. अजिंठ्यात ते राहून गेले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!